डावखुऱ्या हाताचं टोक

बंगळुरूहून पुणं लांब नाही. आमच्या कंपनीतली माणसं सकाळच्या विमानानं जातात, मीटिंगा उरकतात आणि जेवायला घरी परत येतात. मी मात्र वीस वर्षांत एकदाही गेलो नव्हतो. पुण्याचं काम आलं की ते दुसऱ्या कुणावर तरी ढकलायचो. कारण विचारलं तर सांगायचो, तिकडची हवा मानवत नाही. पुण्याची हवा न मानवणारा भूतलावर मी एकटाच असेन, पण कुणी खोलात गेलं नाही. कमी बोलणाऱ्या माणसाला एवढा फायदा असतो.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी एखादं प्रवासवर्णन द्या, असं संपादक म्हणाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर स्वित्झर्लंड असावं. माझ्याकडे पुण्याचे चार दिवस आहेत. तेही हिवाळ्यातले, आणि त्यातला बराचसा वेळ मी ताडपत्रीवर मांडी घालून दगड दाबत होतो. पण या प्रवासाला निघायला मला वीस वर्षं लागली, म्हणून लिहितो.

मी मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला. पुण्याला पुरातत्त्व शिकायला गेलो आणि ते सोडून संगणकात आलो, हे मंडळातल्या दोघा-तिघांनाच माहीत असेल. गेल्या डिसेंबरात फोनवर फिरत फिरत एक पत्रक आलं: ‘अश्मयुगीन पद्धतीने गारगोटीपासून बाणाची टोके काढण्याची कार्यशाळा.’ येरवड्याच्या बाजूच्या, मी जिथे शिकलो त्याच छोट्या संशोधन संस्थेत, चार दिवस. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, तिसऱ्या दिवशी लिमये मॅडमचं व्याख्यान. ते नाव, माझ्या जुन्या शिक्षिकेचं, मी तीन वेळा वाचलं. मग रजेचा अर्ज टाकला. बायकोला सांगितलं, ‘पुण्याला जाऊन येतो.’ ती म्हणाली, ‘हवा मानवेल ना?’

येरवडा

रिक्षात बसल्यावर भावाचा फोन आला आणि बोलता बोलता माझ्या तोंडून ‘मले’ निघून गेलं. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं.

‘कुठचे जी तुम्ही?’

‘यवतमाळ.’

‘मंग पयलेच सांगा लागत होतं ना! मी वाशिमचा.’

मग येरवड्यापर्यंत त्यानं मला पुणं दाखवलं. मेट्रोचे खांब, काचेच्या इमारती, त्यांच्यात काम करणारी आपल्याकडची पोरं. मी इथं शिकत होतो हे मी त्याला सांगितलं नाही. तुरुंगाची लांबच लांब भिंत तेवढी होती तशी होती. ती गेली तशी आमच्या संस्थेची चिंचेची झाडं आली.

कार्यशाळेत आम्ही अकरा जण होतो. दोन मुलं हिंजवडीच्या ऑफिसातून रजा काढून आली होती. एक दाताच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांचा हात पहिल्याच दिवशी सगळ्यांत चांगला निघाला. शिकवणारी ऋतुजा तिथेच पीएच.डी. करते. वय अठ्ठावीस, गळ्यात चष्मा, आणि मराठी अशी: ‘सर, फोर्स बिलकूल रिस्टमधून नको. शोल्डरमधून. आणि प्लीज, गॉगल!’ प्रत्येकाच्या गळ्यात तिनं प्लॅस्टिकचा बिल्ला अडकवला. त्यावर नाव, गाव, साल.

ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गारगोटीला टोक काढणं म्हणजे ती फोडणं नव्हे. फोडणं सुरुवातीला, दुसऱ्या दगडानं ठोकून. त्यातून बोटभर चपटी चकती मिळते. खरं काम त्यापुढचं. तळव्यावर जाड चामड्याची गादी ठेवायची, तिच्यावर चकती घट्ट धरायची. दोन्ही कोपरं मांड्यांच्या आत घ्यायची. दुसऱ्या हातात लाकडी मुठीला बसवलेलं तांब्याचं टोचं. ते चकतीच्या कडेवर टेकवायचं आणि दाबायचं. मारायचं नाही, खरवडायचं नाही. आधी आत, दगडाच्या पोटाकडे. जोर साठला की किंचित खाली. टक् असा बारीक आवाज होतो आणि नखाएवढा एक छिलका दगडाच्या खालच्या अंगानं सुटून पडतो. मग त्याच्या शेजारी दुसरा. असे साठ-सत्तर छिलके नीट सुटले तर पानासारखं टोक होतं. एक वाकडा सुटला तर दोन तुकडे होतात.

यात एक उलटी गोष्ट आहे. धार काढायची तर आधी कड बोथट करावी लागते. धारेवर तांबं टेकवलं तर नुसता चुरा होतो, जोर आत जातच नाही. म्हणून दर दोन-चार छिलक्यांनंतर कड खरबरीत दगडावर घासायची. नवशिका हमखास इथे चुकतो, कारण त्याला घाई असते.

‘सर, तुमची पहिलीच वेळ ना?’ ऋतुजानं विचारलं.

‘हो,’ मी म्हणालो.

एका अक्षराचं खोटं. आलो होतो कशासाठी, आणि सुरुवात ही.

संध्याकाळी तिनं सगळ्यांना थांबवलं. ‘एकही छिलका ताडपत्रीबाहेर राहायला नको हं. सगळे गोळा करा.’ मग आम्ही ते अंगणातल्या खड्ड्यात ओतले. वरून तिनं त्याच वर्षाचं एक नाणं टाकलं आणि माती लोटली. हिंजवडीच्या मुलानं विचारलं, ‘हे काय, पूजा?’

‘पूजा नाही रे. हे छिलके दहा हजार वर्षं टिकतात. उद्या कुणी इथे खणलं तर त्याला वाटेल, अश्मयुगातली वस्ती सापडली. कॉइन असलं की कळतं, आपण टाइमपास करत होतो. दगड घडवणाऱ्यानं पुढच्याला फसवायचं नाही. आमच्यात हा एकच धर्म.’

सगळे हसले. मी खड्ड्याकडे पाहत उभा राहिलो.

बुधवार पेठ

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रत्येकानं आपलं टोचं स्वतः बनवायचं होतं. त्यासाठी जाड तांब्याची तार हवी. मी बुधवार पेठेत गेलो. दगडूशेठच्या बाजूची गर्दी ओलांडून विजेच्या सामानाच्या गल्लीत शिरलो आणि पाय आपोआप वळत गेले. पूर्वी इथे रेडिओचे सुटे भाग टांगलेले असत. आता मोबाईलची कव्हरं. दुकानदारांचा स्वभाव मात्र जुनाच.

‘अर्थिंगची तार आहे का? जाड?’

‘आहे. किती?’

‘वीतभर.’

काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ‘वीतभर. आपण काय चिमणीच्या घरट्याला अर्थिंग करताय?’

‘दगडाला टोक काढायचंय.’

‘दगडाला.’

‘हो.’

‘काढा, काढा. आपल्याला वेळ आहे असं दिसतं.’ आणि खालच्या खोक्यातून एक तुकडा काढून पुढे सरकवला. ‘न्या. कचऱ्यातलाच आहे. टोक निघालं तर दाखवायला येऊ नका.’

बंगळुरूचा दुकानदार गोड बोलून शंभर फुटांचं वेटोळं गळ्यात मारतो. पुण्याचा अपमान करून हवं तेवढंच देतो. मला दुसरी पद्धत आवडते, हे इतक्या वर्षांनी कळलं.

कोपऱ्यावर अमृततुल्य होतं. आलं घातलेला दाट चहा घेऊन बसलो, तार समोर ठेवली. वीस वर्षांपूर्वी असाच तुकडा मी याच गल्लीतून नेला होता. आता ते सांगतो.

तेव्हा लिमये मॅडमचं उत्खनन भीमेच्या काठी एका गावाबाहेर चाललं होतं. जुन्या वस्तीची राखमाती साचून झालेलं फिकट टेकाड; तिकडे त्याला पांढरी म्हणतात. आम्ही सहा विद्यार्थी तंबूत राहायचो. माझे बरेच मित्र दोन हजार सालच्या संगणक-गोंधळाच्या धास्तीवर नोकऱ्या मिळवत होते. मीही एक मुलाखत देऊन आलो होतो आणि उत्तराची वाट पाहत होतो.

खणलेली माती चाळायचं काम गावातल्या सोपानकडे होतं. तो पस्तिशीचा, मी तेविसाचा. त्याचे वडील गावोगाव फिरून छिन्नीनं जात्यांना टाकी लावायचे, त्यामुळे दगड त्याला घरातला. चाळणीतल्या खड्यांतून मण्याचा अर्धा तुकडासुद्धा त्याच्या नजरेतून सुटत नसे. मॅडम त्याला संस्थेत कायमचं काम देणार होत्या. तसं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. मला तो नावानं हाक मारत नसे. ‘ए वऱ्हाडी’ म्हणायचा.

मी फावल्या वेळात नदीकाठी एकटा बसून टोकं काढायला बघायचो आणि सगळी मोडायची. वर्गात सर्वांत वाईट हात माझा. सोपान एकदा शेजारी येऊन बसला. म्हणाला, ‘दगड हिरवा हाय तुझा. भाजून घे.’ त्यानं चार गारगोट्या आमच्या चुलीखालच्या वाळूत पुरल्या, दुसऱ्या दिवशी थंड झाल्यावर काढल्या. त्या गुलाबी, तुकतुकीत झाल्या होत्या, आणि छिलका लोण्यासारखा सुटत होता. माझं टोचं बोथट झालं की तोच त्याच्या दगडावर घासून द्यायचा.

आठवड्याभरात एक टोक जमलं. तुळशीच्या पानाएवढं, उजेडात धरलं तर आरपार दिसणारं. आपल्याकडे असं दोन्ही अंगांनी दाबून काढलेलं टोक क्वचितच सापडतं. मी ते कुणाला दाखवलं नाही, सोपानलाही नाही. मॅडमना ओळखू येतं का पाहू, असं डोक्यात आलं आणि चाळायला निघालेल्या घमेल्यात टाकून दिलं. जेवताना सांगायचं, हसायचं, संपलं.

सोपानला ते सापडलं. तो एवढ्यानं ओरडला की सगळे खड्ड्यांतून वर आले. मॅडम कधी हसत नसत. त्या दिवशी हसल्या. जेवताना मला सांगता आलं नाही. म्हटलं, चहाला सांगू. मग म्हटलं, उद्या.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी ते भिंगाखाली धरलं आणि कडेवर तांब्याची रेघ दिसली. जुनं तांबं हिरवं पडतं. ही रेघ घासलेल्या समईसारखी चमकत होती. कुणीतरी आत्ताच्या काळात बनवून टाकलंय, हे उघड झालं. सगळ्यांचं सामान पाहिलं गेलं. टोचं सोपानच्या पिशवीत निघालं, फडक्यात गुंडाळलेलं. माझं टोचं. आदल्या संध्याकाळी घासायला दिलेलं.

‘हे काय आहे, सोपान?’

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी चाळणीतल्या खड्यांकडे पाहत राहिलो.

‘माझ्या पिशवीत हाय नव्हं,’ तो म्हणाला, ‘मग माझंच म्हना.’

‘उद्यापासून येऊ नकोस,’ मॅडम म्हणाल्या.

पंधरा दिवसांत मला बंगळुरूचं पत्र आलं. माझ्या उजव्या तळव्यावर त्या नदीकाठच्या दिवसांतला एक आडवा व्रण आहे. मुलीनं लहानपणी विचारलं होतं, हा कशाचा? मी म्हणालो, काच लागली.

चहा गार झाला होता. दुसरा सांगितला.

पुन्हा येरवडा

तिसऱ्या दिवशी लिमये मॅडम आल्या. हातात काठी, पाठ तेवढीच ताठ. व्याख्यान झाल्यावर एकेकाचं काम पाहत ताडपत्रीवरून फिरल्या आणि माझ्याजवळ थांबल्या. माझा हात थांबला. अंगठ्याला जरा लागलं होतं, रक्त चामड्यावर गळत होतं.

‘वानखडे ना तू? संगणकात गेला होतास. इथे काय, दगडातले बग काढतोयस?’

मी विमानात मनाशी पाठ केलेल्या वाक्यांतलं एकही आठवलं नाही. ‘मॅडम,’ मी म्हणालो, ‘ते टोक मी केलं होतं.’

‘कुठलं?’

‘भीमेकाठचं. ज्याच्यापायी सोपानला काढलं ते.’

आजूबाजूची टकटक थांबली. मॅडमनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

‘तू? तुला तेव्हा धड एक पातं काढता येत नव्हतं.’

‘सोपाननं दगड भाजायला शिकवलं. त्यानंतर जमलं. टोचंही माझंच होतं. तो फक्त घासून देत होता.’

त्या वळल्या. ऋतुजाला म्हणाल्या, ‘वरच्या कपाटातलं खोकं आण. आणि त्या हंगामाची नोंदवही.’

आम्ही आतल्या खोलीत बसलो. खोक्यातल्या एका काड्यापेटीत कापसावर माझं टोक होतं. वीस वर्षांनी पाहिलं. ते सुंदर होतं, हे लिहायला लाज वाटते. मॅडमनी भिंग लावलं आणि बराच वेळ ते फिरवत राहिल्या.

‘कुठल्या हातानं काम करतोस?’

‘डाव्या.’

‘आणि सोपान?’

‘उजव्या.’

उजव्या हातानं दाबलं की छिलक्यांच्या खुणा एका अंगाला कलतात, डाव्यानं दाबलं की उलट. त्यांनी भिंग माझ्याकडे सरकवलं. सगळ्या खुणा उलट्या कलल्या होत्या. साठ-सत्तर साक्षीदार, एका ओळीत.

‘तांबं दिसलं आणि मी पाहायचं थांबले,’ मॅडम म्हणाल्या. ‘मुलांना आयुष्यभर सांगत आले, उत्तर सापडल्यावरसुद्धा पाहत राहा.’ मग खिडकीबाहेर बघत, ‘वीस वर्षं म्हणजे आमच्या मोजणीत बोटभर मातीसुद्धा नाही. त्याच्या मोजणीत मात्र पुरी वीस भरली असतील.’

नोंदवहीत त्या वस्तूच्या ओळीवर काट मारलेली होती आणि बाजूला मॅडमच्या अक्षरात तांबड्या शाईनं शेरा: ‘बनावट. चाळणीवरील मजुराने टाकलेली.’

‘खाली लिही. स्वतःच्या अक्षरात, पूर्ण नावानं. आणि ते ‘अनवधानाने’ वगैरे शब्द नकोत.’

मी लिहिलं. हे मी बनवलं. मी टाकलं. सोपानचा संबंध नव्हता. मला माहीत असून मी गप्प राहिलो. चार ओळी. मॅडमनी वही ओढून घेतली आणि त्याखाली आपली एक ओळ लिहिली: ‘शहानिशा न करता शेरा मारला. चूक माझी.’ तारीख घातली.

‘मॅडम, मला माफ—’

‘ते माझ्याकडे मागू नकोस. माझ्याकडे शिल्लक नाही. सोपान कुठे असतो?’

मला माहीत नव्हतं. त्यांनाही नव्हतं. ऋतुजानं जुन्या मजुरांपैकी कुणाला, त्यानं आणखी कुणाला, असे चार-पाच फोन केले. तासाभरात आली. ‘सापडले! मांजरी गावात असतात, मुलीकडे. गुऱ्हाळावर कामाला आहेत. मी त्यांना सांगितलं, सर उद्या येतायत.’

‘काय म्हणाले?’

‘म्हणाले, येऊ दे.’

मॅडमनी काड्यापेटी माझ्या हातात दिली. ‘दाखव त्याला. त्यानं नीट पाहिलेलंही नाही. सही करून ने आणि परत आण.’

मांजरी

मांजरीला मी चुकीच्या बसनं गेलो आणि दोन मैल चालावं लागलं. बरंच झालं. एका हाताला उसाची उभी शेतं, दुसऱ्या हाताला त्यांच्यापेक्षा उंच वाढलेले टॉवर. टॉवरांची नावं परदेशातल्या झाडांची, उसाला नाव नाही. मग वाऱ्यावर गुळाचा वास आला आणि त्याच्या मागं मागं गेलो.

सोपान चुलवाणाच्या तोंडाशी बसून चिपाडं आत सारत होता. वर काहिलीत रस उकळत होता. त्याचे केस पांढरे झाले होते, बाकी खांदे तेच. त्यानं मला लांबूनच ओळखलं; चेहऱ्यावरून की चालण्यावरून, कोण जाणे.

‘आलास व्हय, वऱ्हाडी.’

‘सोपानदादा, ते टोक—’

‘मला काय सांगतोस? मला ठावं न्हाई व्हय? हत्यार तुझं, मग टोक कुनाचं असनार? बाईला सांगितलंस का?’

‘काल सांगितलं.’

‘फोनवर का तोंडानं?’

‘तोंडानं. वहीतही लिहून दिलं. तुझ्यावरचा शेरा त्यांनी स्वतः चूक म्हणून मांडला.’

त्यानं आणखी दोन चिपाडं आत सारली. ‘मग बस,’ म्हणाला.

मी बसलो. विचारायचं नाही असं ठरवलेलं विचारून बसलो. ‘तू तेव्हाच का नाही सांगितलंस?’

‘मी सांगून काय? शिकल्याल्या पोराचं ऐकलं असतं का चाळनीवाल्याचं?’ तो जाळाकडे पाहत होता. ‘आन मला वाटलं, तू बोलशील. दुपारपतूर वडाखाली बसून व्हतो मी. म्हनलं, पोरगं घाबरलंय, मागनं येईल. मग भाकरी खाल्ली आन घरी गेलो.’

तो वड तंबूपासून दिसत असे. मी दुपारपर्यंत तंबूतून त्याला पाहत होतो. सोपानला मी हे सांगितलं. तेवढंच त्याला माहीत नव्हतं.

त्यानं काठीनं जाळ आत ढकलला. नंतर म्हणाला, ‘गाव लई बोललं. खोट्या दगडाचा सोपान म्हनायचं. म्हनून इकडं आलो. वाईट झालं असं न्हाई. पोरगी इथंच दिली, नातवंडं हायती. पर चाळनी गेली ती गेली.’

त्याच्या मुलीनं भाकरी आणि वाटीत गरम काकवी आणून ठेवली. बंगळुरूला आमच्या शेजारणी सांबारात गूळ घालतात, त्यावरून मी वीस वर्षं तक्रार करत आलो आहे. पातळ, तांबूस काकवीत भाकरी बुडवून खाल्ली आणि गुळाबद्दलची सगळी तक्रार मागे घेतली. सोपान म्हणाला, ‘हळू खा. पळून जात न्हाई कुनी.’

खाऊन झाल्यावर मी काड्यापेटी उघडली. त्यानं हात धोतराला पुसले, टोक बोटांच्या चिमटीत धरलं आणि उजेडाकडे केलं.

‘चांगलं केलं व्हतंस रं,’ तो म्हणाला. मग डोळा बारीक करून, ‘टोक मातर जरा वाकडं हाय.’

वीस वर्षांत माझ्या कामाबद्दल अनेकांनी अनेक गोष्टी लिहून दिल्या. त्यातली एकही मला इतकी खरी वाटली नव्हती.

तो उठला आणि चुलवाणाच्या मागच्या अंगाला राखेत फावडं घालून चार गारगोट्या बाहेर काढल्या. गुलाबी, तुकतुकीत, अजून कोमट. ‘काल त्या पोरीचा फोन आला तवाच पुरल्या. म्हनलं, येतोय तर रिकामा कशाला बसंल.’

गोणपाट अंथरलं. माझ्या पिशवीत टोचं होतं, बुधवारातल्या तारेचं. त्यानं ते आधी बघितलं, नाक मुरडलं, आणि पायरीच्या दगडावर घासून दिलं. मी एका गारगोटीची चकती काढून तिचं एक अंग दाबून घेतलं. मग टोचं त्याच्यापुढं धरलं. आधी नको नको म्हणाला. पहिले दोन छिलके तुटके निघाले. ‘कड घास,’ मी म्हणालो. ‘तू मला शिकवतूस!’ तो म्हणाला, पण घासली. तिसरा छिलका टक् करून पार मध्यापर्यंत गेला. सोपाननं माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी चाळणीतून टोक उचलताना त्याचा चेहरा असाच झाला होता.

तासाभरात टोक झालं. एका अंगाच्या खुणा डावीकडे कललेल्या, दुसऱ्या अंगाच्या उजवीकडे. सोपान ते उलटसुलट करून हसला. ‘ह्याचा फोटू काढ आन बाईला धाड. म्हनावं, आता वळखा कुनी केलं.’

मी दोन्ही अंगांचे फोटो ऋतुजाला पाठवले. पाच मिनिटांत फोन वाजला. मॅडम होत्या. मला एवढंच म्हणाल्या, ‘दोन माणसं आहेत. उजव्याला फोन दे.’

पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. सोपान उभा राहून बोलत होता.

‘बोला बाई… व्हय, सोपानच… बरं हाय… न्हाई बाई, तसं कायबी मनात…’ मग तो थांबला. काहिलीतला रस खदखदत होता. ‘व्हतं बाई. मनात व्हतं. खोटं कशाला बोलू… तुमी मोठ्या हाय, असं म्हनू नका… कवा? उन्हाळ्याच्या आत? गुडघं दुखत्यात माझं… न्हाई, चाळनी तर बसूनच हलवायची की… बरं. बरं. इचारतो लेकीला.’

फोन परत देताना त्यानं तो धोतराला पुसून दिला.

आम्ही छिलके गोळा करायला लागलो. येरवड्याचा नियम मी त्याला सांगितला. शेताच्या बांधाला हातभर खड्डा केला, गोणपाट झटकून सगळे छिलके आत ओतले. मी खिशातून त्या वर्षाचं नाणं काढून वर टाकलं.

सोपान खड्ड्यात वाकून बघत होता. ‘नान्यावर साल असतं. मानसाचं नाव कुठं असतं? तुझं नाव घाल यात. न्हाईतर सापडंल कुनाला आन परत माझ्यावरच येईल.’

कार्यशाळेचा बिल्ला सकाळपासून माझ्या गळ्यात होता, हे तेव्हा लक्षात आलं. काढून त्याच्या हातात दिला. त्यानं तो लांब धरून अक्षर अक्षर लावलं. ‘वि-ला-स. विलास व्हय? मी आपलं वऱ्हाडीच म्हनायचो.’

‘अर्धे छिलके तुझे आहेत,’ मी म्हणालो.

‘मग माझंबी लिव्ह की.’

प्लॅस्टिकवर पेन उमटेना. मी टोचं घेतलं आणि माझ्या नावाखाली दाबून दाबून त्याचं नाव कोरलं. आधी आत, मग किंचित खाली. सोपान अक्षरं पुरी होईपर्यंत बघत होता. मग बिल्ला त्यानं माझ्या हातून घेतला नाही. ‘तूच टाक,’ म्हणाला.

मी टाकला. माती त्यानं लोटली.